कामगार मंत्र्यांना खुलं पत्र : दोन पगारात एक खोली भागत नाही

प्रति,
मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य
आणि किमान वेतन सल्लागार मंडळावरचे सगळे सदस्य

साहेब, नमस्कार.

मी चाकणला एका कंपनीत वायरिंग हार्नेसच्या लाईनवर काम करते. गाडीच्या बॉनेटखाली आणि डॅशबोर्डच्या मागे वायरींचं जे जाळं असतं ते आम्ही बायका बोर्डवर मांडून, टेप मारून, कनेक्टर बसवून तयार करतो. तेरा वर्ष झाली या कामाला. तेरा वर्षात चार कंपन्या झाल्या, कॉन्ट्रॅक्टर किती झाले ते सांगायला जुन्या स्लिपा काढून बसावं लागेल, बोर्ड तोच, टेप तीच, उभं राहणं तेच. नाव लिहीत नाही, नाव दिसलं की पुढच्या जॉइनिंगला गेटच्या आत घेत नाहीत हे लाईनवरच्या प्रत्येकीला माहितीय.

पत्र लिहायचं बरेच दिवस मनात होतं पण गेल्या महिन्यात पोरीच्या अकरावीच्या फॉर्मसाठी उत्पन्नाचा दाखला काढायला सेतू केंद्रात गेले आणि तिथून आल्यापासून राहवेना. नवरा भोसरीला व्हीएमसी मशीन चालवतो, त्याच्या हातात १८,५०० येतात, माझ्या हातात १४,६००. तिथल्या मुलानं बेरीज केली, बारानं गुणलं आणि म्हणाला ताई तुमचं चार लाखाजवळ जातं, तुम्हाला यातलं काही लागू नाही होणार. रेशनकार्ड कुठलंय विचारलं, मी म्हणलं पांढरं. मग तर तो हसलाच, वाईट हसला नाही, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण मागच्या लाईनीत उभ्या असलेल्या सगळ्यांना वाटलं असेल की ही बाई चांगल्या घरची असून सवलत मागायला आलीय.

साहेब, पांढरं कार्ड म्हणजे वर्षाला एक लाखाच्या वर उत्पन्न. पिवळं पंधरा हजारापर्यंत, केशरी त्याच्या वर एक लाखापर्यंत. ही तीन रंगांची कार्डं १९९९ ला आली, तेव्हा एक लाख रुपये वर्षाला मिळवणारा माणूस खरंच बरा होता, आज महिन्याला साडेआठ हजार मिळवणारा माणूसही पांढऱ्या कार्डात जातो. अन्न सुरक्षेचं धान्य शहरात कुणाला, तर ज्याचं वर्षाचं उत्पन्न ५९ हजाराच्या आत आहे त्याला, म्हणजे महिन्याला पाच हजाराच्या आत. पिंपरी चिंचवडमध्ये महिन्याला पाच हजारात कुटुंब चालवणारा माणूस मला दाखवा, मी जाऊन त्याच्या पाया पडेन. पोराच्या वेळी २५ टक्क्याच्या राखीव जागेत आरटीईचा फॉर्म भरायचा होता तर तिथे मर्यादा एक लाख. लाडक्या बहिणीला अडीच लाख. आर्थिक दुर्बल घटकाच्या आरक्षणाला आठ लाख. एकाच राज्यात एकच बाई एका खिडकीवर गरीब आणि दुसऱ्या खिडकीवर श्रीमंत, आणि ज्या खिडकीवर धान्य आणि शाळा मिळते तिथे ती कायम श्रीमंतच असते. तुमच्याच खात्यानं ठरवलेलं किमान वेतन घेणारा माणूस तुमच्याच सरकारच्या दुसऱ्या खात्याच्या लेखी धान्य घेण्याइतका गरीब नाही, तर मग ते वेतन किमान कसलं, हे दोन खात्यांनी एकदा समोरासमोर बसून ठरवायला नको का.

थोडं माझ्या वडलांचं सांगते, त्याशिवाय मला काय म्हणायचंय ते कळणार नाही.

वडील १९७६ ला करमाळा तालुक्यातून पिंपरीला आले. बहात्तरच्या दुष्काळात घरची जनावरं गेली होती, जमीन कोरडवाहू, तिघं भाऊ. एका मोठ्या कारखान्यात हेल्पर म्हणून लागले, दोन वर्षांनी पर्मनंट झाले. दहावी नापास माणूस, साहेब. पिंपरी चिंचवडचं प्राधिकरण सरकारनं १९७२ ला काढलं ते कारखान्यात काम करणाऱ्याला कारखान्याजवळ परवडणारं घर मिळावं म्हणूनच, आणि वडलांना निगडीला यमुनानगरात त्यातलं एक लहानसं घर हप्त्यावर मिळालं. त्या एका पगारात आई, वडील, भाऊ, मी आणि वर्षातले सहा महिने गावची आजी अशी पाच माणसं राहायची. आई कामाला कधी बाहेर गेली नाही. दर तीन वर्षांनी युनियनचा कंपनीशी पगाराचा करार व्हायचा आणि करार झाला की घरात काहीतरी नवीन यायचं, एका कराराला फ्रिज आला, एका कराराला वरची खोली बांधली, एका कराराला भावाला आयटीआयला घातला. आम्हा पोरांना करार हा शब्द सणासारखा होता, गल्लीत सगळ्यांनाच, करार झाला की संध्याकाळी कुणाच्या ना कुणाच्या घरून पेढे यायचे. आम्ही श्रीमंत नव्हतो, नवीन कपडे दिवाळीलाच, हॉटेलात जाणं वर्षातून एकदोनदा. पण आपण मध्यमवर्गीय आहोत असं वडील छाती पुढे काढून म्हणायचे आणि ते खरं होतं.

माझ्या पोरांना करार माहिती नाही, त्यांना कॉन्ट्रॅक्ट माहितीय. खरं तर शब्द एकच आहे. कॉन्ट्रॅक्ट संपलं म्हणजे आई आता महिनाभर घरी, म्हणजे क्लासची फी पुढच्या महिन्यात, म्हणजे दूध अर्धा लिटरच, एवढं त्यांना बरोब्बर कळतं.

मी बारावी झालेय, नवऱ्याचा मशिनिस्टचा आयटीआय आहे. वडलांपेक्षा आम्ही दोघं जास्त शिकलो, दोघं कमावतो, आणि चिखलीत एका वन आरकेमध्ये भाड्यानं राहतो. २०१२ ला मी लागले तेव्हा अशाच खोलीचं भाडं २,५०० होतं आणि माझा पगार ७,२००. आज भाडं ७,५०० आणि लाईटबिल वेगळं. पगार दुप्पट झाला, भाडं तिप्पट झालं. हेच आमचं सगळं रडगाणं आहे, बाकी जे लिहितेय ते याचाच विस्तार.

आता हिशोबावर येते कारण तुमच्या मंडळाचं काम हिशोबाचंच आहे. किमान वेतन कसं काढायचं याचं सूत्र १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत ठरलं हे आम्हाला एका जुन्या युनियनच्या काकांनी सांगितलं आणि मग मी ते वाचून काढलं. कमावणारा एक, बायको ०.८, दोन मुलं प्रत्येकी ०.६, मिळून तीन माणसांचं खाणं, माणशी २,७०० कॅलरी. घराला वर्षाला ७२ वार कापड. वर घरभाडं, आणि इंधन, दिवाबत्ती वगैरेला वीस टक्के. पुढे नव्वदीच्या सुरुवातीला रेप्टाकोस ब्रेट कंपनीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण आणि लग्नकार्य यांच्यासाठी अजून पंचवीस टक्के धरा. मला ०.८ धरलंय, मी आठ तास उभी राहून काम करते, पाणी भरते, दोन वेळचा स्वयंपाक करते, मला नवऱ्यापेक्षा कमी भूक लागते असं कुणी ठरवलं माहिती नाही, पण तेही जाऊ द्या. त्या सूत्रातली मोठी गोष्ट ही आहे की एका कमावत्याच्या पगारात चौघांचं घर चाललं पाहिजे, बायकोची कमाई त्यात धरायची नाही असं तेव्हाच्या लोकांनी स्पष्ट म्हणलं होतं. माझ्या वडलांचं घर तसंच चाललं. आमच्याकडे दोघं कमावतात तरी महिना अखेरीला हातउसने घ्यावे लागतात, म्हणजे आम्ही १९५७ च्या मोजमापाच्याही खाली आहोत.

आणि घरभाडं कसं धरतात ते बघा. वेतन संहिता म्हणजे पगाराचा केंद्राचा नवा कायदा, त्याच्या नियमांचा २०२० चा मसुदा होता त्यात लिहिलं होतं की घरभाडं म्हणजे अन्न आणि कपड्याच्या खर्चाच्या दहा टक्के. मी आमच्या घराचं करून बघितलं. किराणा भाजी ९,०००, दूध १,८००, कपडे वर्षाचे मिळून महिन्याला ७०० धरले, झाले ११,५००. दहा टक्के म्हणजे १,१५०. साहेब, चिखली, मोशी, तळवडे, म्हाळुंगे, निघोजे, कुठेही जा, १,१५० रुपयात तुम्हाला पत्र्याची खोलीसुद्धा मिळणार नाही, माझ्या चाळीत गाडी लावायचे वेगळे ३०० घेतात. २०१९ ला केंद्रानंच नेमलेल्या अनुप सत्पथी समितीनं निदान एवढं तरी म्हणलं की शहरातल्या माणसाला घरभाड्याचे महिन्याला १,४३० वेगळे द्या. ती समिती २०१८ च्या भावानं देशाला दिवसाला ३७५ रुपये तळदर, म्हणजे ज्याच्या खाली कुठेच मजुरी जाऊ नये असा दर, सांगत होती आणि त्याच वर्षी केंद्रानं जाहीर काय केलं तर १७८, आधी १७६ होता त्यात दोन रुपये घालून. दोन रुपये! त्या तज्ञांनी कागद केले, कॅलरी मोजल्या, सगळं केलं, आणि शेवटी दोन रुपये.

आमचा पूर्ण महिना पण लिहूनच टाकते. भाडं ७,५००. खाणं दूध १०,८००. पोरीचं कॉलेज आणि क्लास ३,५००, पोराची शाळा २,८००. नवऱ्याचा बसचा पास, माझं शेअर रिक्षाचं, मिळून ३,०००. गावाला सासूसासऱ्यांना ३,०००, सासऱ्यांच्या शुगरच्या गोळ्या त्यातच येतात. दीराच्या लग्नात सोनं गहाण ठेवलं त्याचा आणि गाडीचा हप्ता ४,५००. किती झाले, ३५,१००. दोघांचे मिळून येतात ३३,१००. यात गॅस नाही, मोबाईलचा रिचार्ज नाही, कुणाचं लग्न बारसं नाही, डॉक्टर नाही. २०२५ च्या जूनमध्ये पीएमपीचा महिन्याचा पास ९०० चा १,५०० झाला. पुढच्याच महिन्यात नवऱ्याच्या पगारात विशेष भत्ता, म्हणजे महागाईप्रमाणे बदलणारा भत्ता, वाढला तो या सहाशेलाही पुरला नाही. लोक म्हणतात भत्ता वाढतो ना जानेवारीला आणि जुलैला. वाढतो, पण ती पगारवाढ नाही साहेब, आधी सहा महिने आम्ही महाग घेऊन खाल्लं त्याची मागून आलेली भरपाई आहे, तीही पूर्ण नाही कारण ज्या मूळ दरावर ती बसते तो दरच लहान आहे.

मूळ दर किती दिवसांनी तपासायचा तर १९४८ च्या कायद्यात लिहिलं होतं पाच वर्षांच्या आत. तो कायदा जाऊन आता वेतन संहिता आली, कामगार कायद्यांच्या चारही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या, वेतन संहितेत पाच वर्षांच्या अलीकडे एक शब्द घातलाय, साधारणपणे. साधारणपणे पाच वर्षं. घरमालक मला साधारणपणे म्हणत नाही, अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट संपलं की पाचशे वाढवतो, वाढवायचं नसेल तर खोली सोडा म्हणतो, खाली अजून तीन गिऱ्हाइकं उभी असतात.

परिमंडळाचा, म्हणजे भागाप्रमाणे किमान वेतनाचे वेगळे दर लावायचा, एक प्रकार तर मला फारच लागला. दोन वर्षांपूर्वी आमच्या कॉन्ट्रॅक्टरनं स्लिपवर खालच्या परिमंडळाचा दर लावला होता. मी सुपरवायझरला विचारलं तर म्हणाला कंपनी ग्रामपंचायत हद्दीत येते. असेल येत. कंपनी गावात आहे पण मी शहरात राहते, भाडं शहराचं भरते, पोरं शहराच्या शाळेत आहेत, आणि गावातसुद्धा, त्या निघोज्या म्हाळुंग्यात, खोल्यांचे भाव शहरासारखेच झालेत कारण राहणारी सगळी आमच्यासारखीच लाखभर माणसं तिथे आलीत. दर कंपनीच्या पत्त्यावरून ठरवता, मग कामगाराच्या पत्त्यावरचं भाडं कुठे धरता?

आता ब्रेकबद्दल. हे तुम्हाला माहिती नाही असं होऊच शकत नाही पण तरी लिहिते, कारण तुमच्या फाईलीत ते कसं दिसतं आणि आमच्या घरात कसं दिसतं यात फरक आहे.

आपल्या राज्याच्या आदर्श स्थायी आदेशात, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या सरकारी नियमांत, होतं की टेम्पररी कामगाराचे वर्षात २४० दिवस भरले तर त्याला पर्मनंट करायचं. २४० दिवस म्हणजे आठ महिने. म्हणून सात महिन्यांनी ब्रेक. एखाद्या शुक्रवारी सुपरवायझर लाईनवर येतो, हातात यादी असते, त्यात नाव असलं की सोमवारपासून यायचं नाही. मग वीस पंचवीस दिवस, कधी दोन महिने, घरी. फोन आला की परत त्याच लाईनवर, बऱ्याचदा त्याच बोर्डवर, फक्त कॉन्ट्रॅक्टरचं नाव वेगळं आणि आयकार्डची दोरी वेगळ्या रंगाची. परत हेल्पर म्हणून जॉइनिंग, परत तोच सुरुवातीचा पगार. माझ्या हाताखाली शिकलेली पोरगी आणि मी, दोघींचा पगार एकच. तेरा वर्षांचा अनुभव कुठल्याच कागदावर नाही, कारण कागदावर मी दर वेळी सात महिन्यांची आहे. ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्ष लागतात, ती झाली नाहीत. आता नव्या संहितेत मुदतीच्या कामगाराला एक वर्षानं ग्रॅच्युइटी म्हणतात, ऐकायला चांगलं वाटलं, पण वर्षच पूर्ण करू देत नाहीत त्याचं काय. मध्ये ती केंद्राची नीम नावाची ट्रेनी योजना होती, काम करता करता शिकायची, तिच्यात तर आमच्या लाईनवर पदवीची पोरं स्टायपेंडवर उभी केली, पीएफ नाही ईएसआय नाही, काम मात्र प्रॉडक्शनचं, टार्गेट आमच्याएवढंच. ती योजना बंद झाली, पोरं तीच राहिली, नाव बदलून कमवा आणि शिका झालं. काय शिकवलं त्यांना? टेप मारायला दोन दिवस लागतात.

आणि हे सगळं बेकायदेशीर आहे असं कायदाच म्हणतो. पर्मनंटचे हक्क मिळू नयेत म्हणून माणसाला वर्षानुवर्ष दुसऱ्याच्या बदली किंवा टेम्पररी ठेवणं ही अनुचित कामगार प्रथा आहे हे १९७१ च्या आपल्या राज्याच्या कायद्यात होतं आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेच्या परिशिष्टातही आहे. मग चाकणपासून रांजणगावपर्यंत ती रोज चालते ती कुणाला का दिसत नाही? निरीक्षकांना पुरावा लागत असेल तर पुरावा सरकारकडेच पडलेला आहे. आमचा पीएफचा यूएएन नंबर एकच असतो, त्यात प्रत्येक कॉन्ट्रॅक्टरची जॉइनिंगची आणि एक्झिटची तारीख असते. माझी निघाली तर ओळीनं दिसेल, सात महिने, एक्झिट, जॉइनिंग, सात महिने, एक्झिट. हजारो जणींची अशीच दिसेल. केंद्राकडून ती माहिती मागवा, कुठल्या कंपनीत किती माणसं सातव्या महिन्यात बाहेर पडतात ते एका दुपारी कळेल, एकाही कामगाराला तक्रार करून नोकरी घालवावी लागणार नाही. माझी तुमच्याकडे पहिली मागणी हीच आहे, दिवस मोजायचे ते कॉन्ट्रॅक्टरच्या नावावर मोजू नका, मूळ कंपनीच्या गेटवर मोजा.

माझ्या शेजारच्या स्टेशनवर एक पर्मनंट ताई आहेत. बोर्ड सेम, टार्गेट सेम, रिजेक्शन झालं तर ओरडा सेम. त्यांचा पगार माझ्या तिप्पट. त्यांच्याशी माझं काही वाकडं नाही, उलट पहिल्या ब्रेकला त्यांनीच मला घरी येऊन दोन हजार दिले होते आणि परत मागितले नाहीत. त्यांना जास्त मिळतंय असं नाहीये, त्यांना जे मिळतंय ते घर चालायला लागतं तेवढं आहे, वडलांना मिळायचं तसं. समान कामाला समान वेतन टेम्पररीलाही लागू आहे असं सुप्रीम कोर्टानं २६ ऑक्टोबर २०१६ ला पंजाबच्या केसमध्ये सांगितलं. ती केस सरकारी नोकरांची होती हे मला कळतं, पण पोट सरकारी आणि खाजगी नसतं. पर्मनंटच्या युनियनवाल्या दादांनाही इथेच हात जोडून सांगते, पेपरात तुमच्या करारांच्या बातम्या येतात, तीन वर्षांत इतके हजार वाढले म्हणून, वाचून खरंच बरं वाटतं, पण पुढच्या करारात टेबलावर बसाल तेव्हा एक कलम आमच्यासाठी मागा. तुमच्या बाजूनं रिटायर होणाऱ्याच्या जागी आता पर्मनंट भरतच नाहीत हे तुम्ही रोज बघताय. देशाच्या कारखान्यांच्या वार्षिक पाहणीत २०२२-२३ ला शंभरातले चाळीस कामगार कंत्राटी होते. आमच्या लाईनवर तर शंभरात ऐंशी पंच्याऐंशी आम्हीच.

कुणी म्हणेल कंपन्यांना परवडत नाही. छोट्या वर्कशॉपचं मला कळतं, नवऱ्याचा मालक स्वतः मशीनवर उभा राहतो, त्याचं बिल वरची कंपनी चार चार महिने देत नाही. पण मोठ्यांचं काय? केंद्र सरकारच्याच २०२४-२५ च्या आर्थिक पाहणीत लिहिलंय की २०२३-२४ ला मोठ्या कंपन्यांचा नफा २२.३ टक्क्यांनी वाढला आणि नोकऱ्या दीड टक्क्यानं. त्याच पाहणीत आहे की महागाई वजा केली तर पगारी नोकरी करणाऱ्या बाईची महिन्याची कमाई २०१७-१८ ला १०,११६ होती ती २०२३-२४ ला ८,८५५ झाली. पुरुषाची १२,६६५ ची ११,८५८. मी हे वाचलं तेव्हा एक विचित्र गोष्ट झाली, मला बरं वाटलं. इतकी वर्ष मला वाटायचं की मीच कुठेतरी चुकतेय, मलाच घर चालवता येत नाही, आई एवढ्याशा पैशात किती छान करायची. तेव्हा कळलं की माझं चुकलेलं नाही, माझा पगारच कमी झालाय, आकडा वाढला पण पगार कमी झाला.

सप्टेंबर २०२५ ला तुमच्या सरकारनं कारखान्यात दिवसाला नऊ तासांचे बारा तास करायला मंजुरी दिली, ओव्हरटाईमची मर्यादा तीन महिन्यांना ११५ तासांची १४४ केली. कामगाराची लेखी संमती लागेल असं सांगितलं. साहेब, सात महिन्यांच्या माणसाची संमती काय असते? फॉर्म पुढे आला की सही करायची, नाही केली तर पुढच्या यादीत नाव. ओटीला कायद्यानं दुप्पट आहे पण आम्हाला गेल्या दोन कंपन्यांत सिंगलनंच मिळाला, तोही स्लिपवर नाही, वेगळ्या पाकिटात. आणि बारा तास काम, दोन तास तळवडे चाकणच्या ट्रॅफिकमध्ये जायला, दोन तास यायला, मग पोरांना कोण बघणार, पाणी तर आमच्याकडे सकाळी दीड तासच येतं. लोकांना ओटी हवा असतो असं तुम्हाला सांगितलं गेलं असेल. हवा असतो, खरंय, आठ तासाच्या पगारात भागत नाही म्हणून हवा असतो. आठ तासाचा पगार पुरेसा करा आणि मग विचारा किती जणींना बारा तास उभं राहायचंय.

दुसरी मागणी घरभाड्याची. मंडळ दर ठरवायला बसेल तेव्हा दहा टक्क्याचं कोष्टक बाजूला ठेवा आणि प्रत्यक्ष खोल्यांचं भाडं विचारून या. चिखली, मोशी, भोसरी, चाकण, तिकडे मुंबईत धारावी, मानखुर्द, ठाण्यात कळवा दिवा, नाशिकला अंबड सातपूर, संभाजीनगरला वाळूज. कामगार तिथेच राहतात, चार दिवसांचं काम आहे. जे भाडं निघेल ते सूत्रात घाला, वेगळ्या ओळीत घाला, म्हणजे दर वर्षी ते किती वाढलं ते सगळ्यांना दिसेल. आणि तुमच्या मंत्रिमंडळातल्या अन्न नागरी पुरवठा आणि शिक्षण खात्यांना एवढंच सांगा की किमान वेतनावर घर चालवणाऱ्याला तरी श्रीमंत धरू नका, ५९ हजार आणि एक लाख या मर्यादा किमान वेतनाला जोडा, वेतन वाढलं की त्या आपोआप वाढतील.

पीएफच्या पगाराची मर्यादा २०१४ पासून १५,००० वरच आहे, पेन्शन किमान १,००० तेव्हापासून तेवढीच, हे केंद्राचं आहे, तुमच्या हातात नाही, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही. वडलांना पेन्शन येते २,३००. ते भावाबरोबर यमुनानगरच्या घरात राहतात, एकाहत्तर वय आहे. परवा मी गेले होते तर म्हणाले, तुझ्या नावावर काहीतरी करायला पाहिजे होतं मी, तेव्हा प्राधिकरणात अजून एक गाळा मिळत होता. एकाहत्तर वर्षांच्या माणसाला, ज्यानं एका पगारात पाच जणांना सांभाळलं, त्याला अजून एकोणचाळीस वर्षांच्या कमावत्या पोरीची काळजी करावी लागते. मी त्यांना सांगितलं की आमचं बरं चाललंय. खोटं बोलले.

या महिन्याच्या बारा तारखेला माझे सात महिने भरतायत. यादी अजून आली नाही पण येईल. त्यानंतर पंधरा वीस दिवस तरी मी घरी आहे, सकाळी पाणी भरून झालं की मोकळी असते. तेरा वर्षांतल्या माझ्या स्लिपा मी एका पिशवीत जपून ठेवल्यात, काही फाटल्यात पण आकडे दिसतात, आणि माझ्यासारख्या अजून सात आठ जणी आपापल्या स्लिपा घेऊन यायला तयार आहेत, नाव बाहेर जाणार नाही एवढा शब्द दिलात तर. शिवाजीनगरच्या अपर कामगार आयुक्तांच्या ऑफिसला या म्हणालात तर तिथे येऊ, मुंबईला या म्हणालात तर पहाटेच्या गाडीनं मुंबईला येऊ. फक्त दिवस आधी कळवा, कारण फोन आला तर मला परत जॉइनिंगला जावं लागेल.

आपली,
चाकणच्या हार्नेस लाईनवरची एक कामगार
चिखली, पिंपरी चिंचवड